पर्याय सर

पर्याय सरांनी वर्गात कधीही "समजलं का?" असं विचारलं नाही. त्यांचं म्हणणं, या प्रश्नाला सगळी पोरं "हो" म्हणतात आणि घरी जाऊन झोपतात. शिकवून झालं की ते खडू टेबलावर ठेवायचे, पहिल्या बाकावर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "चला, आता मला शिकवा. मी आत्ताच मुरगूडच्या गाडीतनं उतरलोय, मला काय सुद्धा येत न्हाय." मग आपण फळ्यापाशी जायचं आणि घाम पुसत बोलायचं. अडखळलो तरी ते चिडत नसत. पुन्हा उठायचे, पुन्हा समजवायचे, वेगळं उदाहरण घ्यायचे. "ज्याला समजलं नाही तो चुकत नाही, ज्यानं समजावलं तो चुकतो," हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणत की आम्ही मुली त्यांची नक्कल करताना हेच वाक्य घ्यायचो, हातात खडू धरून, मान जरा तिरकी करून.

कोल्हापुरात राजारामपुरीत एका औषधांच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत वर्ग भरायचा, मागच्या खोलीत ऑफिस. तेव्हा लोकांच्या हातात बटणांचे फोन असत. सर त्या फोनांसाठी अ‍ॅप्लिकेशनं लिहायचे आणि आम्हाला लिहायला शिकवायचे. मी मंगळवार पेठेतल्या मास्तरांची मुलगी, गणितात बरी आणि तोंडाने फटकळ. कोर्स संपल्यावर सरांनी मला मागच्या खोलीत नोकरीला घेतलं. का, असं आईने विचारलं तेव्हा म्हणाले, "ती भांडते. म्हणजे नीट ऐकते." आईला हे कारण अजिबात पटलं नव्हतं, पण सर इतक्या गंभीरपणे बोलत की तिने चहा टाकला.

ज्यांनी ते फोन वापरलेत त्यांना आठवत असेल, पडद्याच्या खाली दोन बटणं असत, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांच्यावर काही छापलेलं नसे. पडद्याच्या तळाशी त्या त्या बाजूला जो शब्द उमटेल, तो त्या वेळचा त्या बटणाचा अर्थ. कधी 'निवडा', कधी 'पाठवा', कधी 'मागे'. आम्हाला वाटायचं, यात काय आहे, प्रोग्राममध्ये लिहायचं की डाव्या बटणावर हे आणि उजव्यावर ते. पण तशी सोयच नव्हती. अ‍ॅप्लिकेशनने फक्त एवढं सांगायचं की ही एक आज्ञा आहे, ती होकाराची आहे की थांबवायची आहे की मागे फिरायची, आणि ती किती महत्त्वाची. तिला कुठल्या बटणावर बसवायचं ते फोन ठरवणार. त्यातही प्रत्येक कंपनीचा फोन आपल्या मर्जीने ठरवणार. एकाचा होकार डावीकडे, तर दुसऱ्याचा उजवीकडे.

"घरात लग्न आहे असं समजा," सर सांगायचे. "मुलीच्या बापानं फक्त नातं सांगायचं आणि मान सांगायचा. हे मामा, हे व्याही, हे शेजारी. कुणाला कुठं बसवायचं ते कार्यालयाचा मॅनेजर बघणार. मानाच्या खुर्च्या दोनच. तिसरा पाव्हणा आला की मॅनेजर एका खुर्चीवर 'पर्याय' अशी पाटी ठेवतो आणि बाकीच्या सगळ्यांना आतल्या खोलीत कोंबतो. आता बापानं रुसून काय उपयोग?" हे उदाहरण ऐकलं की मागच्या बाकावरचा सगळ्यात ढ मुलगाही फळ्यापाशी जाऊन धडाधड सांगायचा. त्या पाटीवरूनच त्यांचं नाव पर्याय सर पडलं. त्यांना ते माहीत होतं. वडे आणायला पोरं निघाली की स्वतःच विचारायचे, "वडा आहे, पण पर्याय काय?"

ऑफिस चालायचं ते मोटरीच्या अ‍ॅप्लिकेशनवर. नदीकाठच्या पंपाच्या मोटरीजवळ एक डबा बसवायचा, डब्यात सिमकार्ड, आणि घरी बसून फोनवरून मोटर चालू करायची किंवा बंद. एवढ्यासाठी रानात चालत जायला नको. डब्याला एक अक्कल होती. शेवटची आज्ञा तो लक्षात ठेवायचा. मोटर चालू असताना लाईट गेली, तर लाईट परत आल्यावर तो ती आपोआप चालू करायचा. म्हणून सर प्रत्येकाला बजावत, लाईट गेली आणि कुणी मोटरीपाशी जाणार असेल, तर आधी फोनवर 'बंद' दाबा. मग डबा गप्प बसतो.

गिऱ्हाइकांत वाचता येणारे कमी आणि चष्मा आणणारे त्याहून कमी. गारगोटीचे एक पाव्हणे फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरून म्हणाले, "सर, ह्ये खाली काय मुंग्या बसल्यात व्हय?" सर म्हणाले, "वाचू नका पावणं. अंगठ्याला शिकवा. तुमच्या फोनात डावं चालू, उजवं बंद. म्हणा." पाव्हणे शाळेतल्या पोरासारखे म्हणू लागले, डावं चालू, उजवं बंद, आणि जिना उतरेपर्यंत त्यांचं चालूच होतं. ज्यांच्या फोनात उलट असे, त्यांना सर उलट शिकवत. आणि प्रत्येकाच्या फोनावर 'बंद'च्या बटणाशेजारी नेलपेंटचा लाल ठिपका देत. ती बाटली माझी होती. एकदा घाईत ऑफिसात राहिली ती परत मिळाली नाही. फोन बदलला की इकडे यायचं, ठिपका लावून घेतल्याशिवाय मोटरीच्या भानगडीत पडायचं नाही, हा सरांचा नियम होता, आणि लोक तो पाळत. यासाठी चपलांच्या खोक्यांत सरांनी बाजारातला हरएक फोन जमवून ठेवला होता. खोक्यांवर चपलांचे नंबर तसेच होते.

पहिला डबा त्यांनी बसवला तो मुरगूडला, स्वतःच्या घरच्या मोटरीवर. वेदगंगेच्या काठाला त्यांचं थोडं रान होतं. ते थोरले भाऊ गौतमदादा बघायचे आणि घरी बसून फोन सांभाळायचे ते आबा, सरांचे वडील. आबांना अक्षरओळख नव्हती. सरांनी त्यांना एका सकाळीत शिकवलं आणि त्यानंतर आबांनी कुणालाच सोडलं नाही. पाव्हणा आला की खिशातून फोन काढायचे, डोळे मिटून बटण दाबायचे आणि म्हणायचे, "जा, नदीवर जाऊन बघून ये. चालू झाली का न्हाय?" लांबच्या नातेवाईकांना भर उन्हात रानात जाऊन यावं लागे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही पाठवलं होतं. परत आल्यावर म्हणाले, "माझ्या मिलिंदानं केलंय ह्ये. आता बस, जेव." भिंतीवरच्या तथागतांच्या तसबिरीखाली त्या फोनाचा चार्जर लावलेला असे आणि त्या पिनेला दुसरा फोन लावायची कुणाला परवानगी नव्हती.

एके दिवशी तो फोन आबांच्या वरच्या खिशातून निसटून रानातल्या पाटाच्या पाण्यात पडला. सरांनी कोल्हापुरात नवा फोन घेतला, मोठ्या आकड्यांचा, आणि रविवारी मुरगूडला नेऊन दिला. स्वतःच अ‍ॅप्लिकेशन टाकलं. मोटर चालू करून बघितली, बंद करून बघितली. या फोनात 'चालू' उजवीकडे होतं आणि 'बंद' डावीकडे, आबांच्या जुन्या फोनाच्या बरोबर उलट. सरांना ते दिसलं नाही. म्हणजे दिसलं असणार, पण ते वाचणारे होते. वाचणारा माणूस शब्द बघून बटण दाबतो, बाजू बघत नाही. इकडे संध्याकाळची बॅच बसलेली, तिकडे एसटीची वेळ झालेली. आबांच्या जुन्या फोनवरचा लाल ठिपका कधीच घासून गेला होता आणि आबांना त्याची गरज नव्हती, त्यामुळे नव्या फोनवर ठिपका द्यायचं कुणाला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर गौतमदादांनी नदीवर जाऊन हातानेच चालू केली. दुपारी लाईट गेली. बघतात तर पंपाचा पट्टा सटकलेला. दादांनी घरी फोन केला, "आबा, लाईट गेलीया. मी पट्टा बसवाय लागलोय, तवर बंद करून ठेवा." आबांनी शिकवल्याप्रमाणे अंगठा उजवीकडे नेला आणि दाबला. नव्या फोनवर त्यांनी दाबलेलं ते पहिलंच बटण. थोड्या वेळात लाईट आली, आणि डब्याला जे सांगितलं होतं ते डब्याने केलं. गौतमदादांच्या उजव्या हाताची बोटं पट्ट्यात गेली. एक अंगठा तेवढा राहिला.

सरांना वहिनींचा फोन आला तेव्हा मी मागच्या खोलीत होते. सगळं ऐकून घेऊन सरांनी एकच विचारलं, "आबांनी कुठलं दाबलं?" मग त्यांनी फळीवरून एक खोकं काढलं, तसलाच फोन शोधला, त्यात अ‍ॅप्लिकेशन उघडलं आणि पडद्याच्या तळाकडे बघितलं. खाली बसले, तिथं खुर्ची नव्हती. मी त्यांच्या हातातून फोन घेऊन बघितला आणि मलाही कळलं.

दवाखान्यात दादा शुद्धीवर आले तेव्हा सरांनी त्यांना सगळं सांगितलं. दादांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "गप ए," म्हणाले. "मेन काढून मग हात घालायचा हुता मी. न्हाय काढला. झालं ते झालं." सरांनी नंतर कितीदा तरी हा विषय काढला आणि दरवेळी दादांनी तो असाच तोडला. ते चिडून नव्हे, मायेपोटी. पण सर त्या मायेने आणखी खचायचे. त्या दिवसांत त्यांनी सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले, गावोगाव जाऊन त्यांचे फोन तपासले. एकाचाही ठिपका चुकीचा निघाला नाही. चुकलेला फोन सगळ्या जिल्ह्यात एकच होता, बापाच्या खिशातला.

आणि आबांनी ठरवून टाकलं होतं की आपलं बोट चुकलं. कुणी त्यांना बोल लावला नव्हता. पण एवढी वर्षं डोळे झाकून दाबत होतो आणि नेमक्या वेळी घात केला, हे त्यांच्या मनात बसलं ते बसलंच. नवा फोन त्यांनी वहिनींकडे देऊन टाकला. पुढे तर त्यांनी कुठलंही बटण दाबायचं सोडलं. दिव्याचं नाही, पंख्याचं नाही. घरात कुणी नसेल तर उन्हाळ्याच्या दुपारी घामाने निथळत बसून राहायचे, पण भिंतीवरच्या खटक्याला हात लावायचे नाहीत. जेवायला बसताना पाट भिंतीकडे फिरवून घ्यायचे, कारण समोर गौतमदादा डाव्या हातात चमचा धरून जेवायचे आणि ते त्यांना बघवायचं नाही.

आता सरांचं काम सोपं होतं, असं कुणालाही वाटेल. आयुष्यभर जे शिकवलं तेच एका माणसाला समजवायचं. आज्ञा अ‍ॅप्लिकेशन देतं, बटण फोन ठरवतो, फोन बदलला की बटण बदलतं, आणि फोन बदलला कुणी, तर मी. मागच्या बाकावरच्या पोरांना जे कळायचं ते बापाला कळावं, एवढंच. पण बाप काही ढ नव्हता. त्याला वाटायचं, पोरगं आपल्याला वाचवतंय. सर जितकं नीट समजावत, तितकी आबांची खात्री व्हायची की शिकलेल्या मुलाने बापासाठी ही गोष्ट रचली आहे. सरांनी लग्नाचं उदाहरण दिलं. आबा शांतपणे ऐकून म्हणाले, "मॅनेजरनं कुटं बी बसवू दे की. पातेलं सांडलं कुणाच्या हातनं?"

बाहेरच्या माणसाचं तरी ऐकतील म्हणून सर एकदा मला घेऊन गेले. मी माझ्या परीने सगळं सांगितलं. आबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "पोरी, तू मिलिंदाच्या हाताखालची. त्यानं सांगितलंय त्येच बोलणार की तू. मला राग न्हाय तुझा. चा घे." मी फटकळ म्हणून प्रसिद्ध, पण मी चहा घेतला.

त्या दिवशी सरांनी पिशवीत एक डबा नेला होता, मोटरीऐवजी बल्ब जोडलेला. आणि तोच फोन, मोठ्या आकड्यांचा. बल्ब लावून त्यांनी फोन आबांपुढे धरला. "आबा, एकदाच. त्या दिवशी दाबलंत तसं 'बंद' दाबा. काय हुतं ते बघा." सरांचा हिशेब सरळ होता. आबा सवयीने उजवं बटण दाबतील, बल्ब जळतच राहील, आणि आबांना डोळ्यांनी दिसेल की अंगठा बरोबर होता, फोन उलटा होता. आबा कितीतरी वेळ नाही म्हणत होते. मग माझ्याकडे बघितलं, पाव्हणी पोर आलीय, तिचा मान मोडायला नको म्हणून असेल, हात पुढे केला. अंगठा उजवीकडे गेला, थांबला, मग हळूहळू डावीकडे सरकला आणि त्यांनी दाबलं.

बल्ब विझला.

"बघ," आबा म्हणाले. "फोन बराबर हाय की."

सर म्हणाले, "आबा, तुम्ही आज उलटं दाबलंत. तुम्हाला उजवं शिकवलेलं. त्या दिवशी तुम्ही उजवं दाबलं हुतं."

"व्हय की," आबा म्हणाले. "त्या दिवशी उजवं दाबलं आनि पोराचा हात ग्येला. आज डावं दाबलं आनि इझला. मग चुकलं कोन?"

त्या अंगठ्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. इतके महिने मनाशी तोच क्षण उगाळून त्यांनी स्वतःला शिकवलं होतं की आपण दाबलं त्याच्या उलट दाबायला हवं होतं. आणि नेमका तो फोन उलटा. सर डब्याकडे बघत बसले. फोन परत पिशवीत त्यांनी टाकला नाही, मीच टाकला.

तरी सरांनी समजावणं सोडलं नाही. पुढची काही वर्षं ते दर रविवारी मुरगूडला जात आणि कुठून ना कुठून विषय तिथं आणत. आबा म्हातारे होत गेले तसे वाद घालेनासे झाले. मुलगा बोलायला लागला की मान हलवायचे, "व्हय, व्हय, समजलं मला." हा होकार कुठला, ते सरांइतकं कुणाला कळणार? सोमवारी ऑफिसात आले की मी काही विचारायच्या आतच हात हलवून आत जायचे.

याच काळात ते फोन गेले. नुसती काच आली. पडद्याखालची ती दोन बटणं, ज्यांच्यावर आमचं ऑफिस उभं होतं, ती जगातूनच नाहीशी झाली. वर्गात पोरं येईनाशी झाली. सर दुसरं शिकू शकले असते, डोकं तल्लख होतं. पण त्यांची इच्छा राहिली नव्हती. दोन खोल्या सोडल्या, खोक्यातले फोन भंगारवाल्याला देऊन टाकले आणि उचगावला एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायची नोकरी धरली. मी तिथे एकदा गेले होते. एक नवीन मुलगी त्यांना काहीतरी विचारायला आली. सरांनी खडू शोधला नाही, उदाहरण दिलं नाही. म्हणाले, "सरका, मी करून देतो." ती गेल्यावर मी त्यांना चांगलंच बोलले. तुम्हीच असं करायला लागलात तर काय, असं बरंच काही. ते ऐकून घेत होते. हसले नाहीत, रागावले पण नाहीत.

आबांनी शेवटचं दुखणं कोल्हापुरात काढलं. दवाखाना माझ्या घराजवळ होता म्हणून जेवणाचा डबा मी न्यायचे. आबा बहुतेक वेळ ग्लानीत असायचे, पण जाग आली की गौतमदादांना हाक मारायचे, "गौतमा, चुकलं रं माझं." एवढंच. आणि लगेच पलीकडून सर सुरू व्हायचे, "आबा, तुमचं चुकलं न्हाय. ऐका, फोन जो हुता न्हवं..." आबा दमून डोळे मिटायचे. पुन्हा जाग आली की पुन्हा तेच. दादांच्या तोंडाकडे असे बघायचे की मला खोलीत थांबवत नसे.

एका सकाळी मी डबा घेऊन पोचले तर दादा सरांना बाहेर व्हरांड्यात घेऊन उभे होते. दादा मोठ्याने बोलणारे, पण त्या दिवशी आवाज खाली होता. "मिलिंदा, तू आता समजावू नगंस."

"मग त्यांनी असंच मरायचं?" सर म्हणाले.

"तू समजावतोस तवर त्यास्नी माफी मिळत न्हाय. तू म्हणणार चूकच न्हाय, मी म्हणणार चूकच न्हाय. मग माफ काय करायचं? म्हातारा अडकून पडलाय रं. त्येला तुझं शास्त्र नगं. एकदा चुकलं म्हणून ऐकायचंय आनि एकदा माफ केलं म्हणून ऐकायचंय."

"खोटं हाय ते, दादा."

दादांनी उजवा हात वर केला. "माझा हात हाय. मी म्हणतो ते खरं."

दोघं आत गेले. मी दारात थांबले. दादा कॉटवर बसले, डाव्या हाताने आबांचं कपाळ चेपलं आणि म्हणाले, "आबा, ऐकताय न्हवं? चुकलं तुमचं. बोट चुकलं. माफ केलं मी." आबांनी डोळे उघडले. दादांकडे बघितलं, मग मान वळवून सरांकडे. "मिलिंदा?" म्हणाले. खरंखोटं या मुलाला विचारायचं, ही घरातली पद्धतच होती. मला वाटलं, यांच्याने हे व्हायचं नाही.

"व्हय आबा," सर म्हणाले. "तुमचं बोट चुकलं हुतं."

आबांनी मोठा श्वास सोडला. त्या दिवशी त्यांनी पेज मागितली, आणि दादांच्या डाव्या हातून चार चमचे घेतली. मान भिंतीकडे वळवली नाही. नंतर फार दिवस काढले नाहीत, पण जे काढले ते शांतपणे काढले. "चुकलं रं" असं पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

मुरगूडला आबांच्या जलदानविधीला मी गेले होते. वंदना झाली, मग एकेक जण उठून आबांविषयी चार शब्द बोलू लागले. त्यांच्या नात्यातले एक गृहस्थ बोलता बोलता म्हणाले, "माणूस लाखात एक. आयुष्यात एकदा हातनं मोठी चूक झाली, लेकाचा हात ग्येला. पण पोरांनी मोठ्या मनानं माफ केलं बापाला." सगळ्यांनी माना हलवल्या. मला ते सहन झालं नाही. बायकांच्यात बसले होते तिथून मी उठायला लागले. समोर पुरुषांच्यात सर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मानेने नको म्हणाले.

परतीच्या एसटीसाठी ते मला स्टँडवर सोडायला आले. मी भडकलेच होते. "आता तरी सांगा की लोकांना. आबा गेले. आता कुणाला दुखवायचं राहिलंय? गावभर त्यांच्या नावावर चूक लागली, ती तशीच ठेवणार?"

"चूक काढून घेतली तर माफी पण जाते," सर म्हणाले. "ती मिळाली म्हणून ते सुखानं गेले. आता मागनं काढून कशी घेऊ?"

"आणि तुमचं काय?"

गाडी लागत होती, लोक दाराकडे धावत होते. सरांनी माझी पिशवी खिडकीतून आत जागेवर टाकली, मला जागा धरून दिली.

"माझं काय असणार?" ते म्हणाले. "दादानं आयुष्यात एकदाच माफ केलं. ते आबांना केलं."